पापलेट, चिकू, लिची आणि चौथा शब्द

अर्जदार : मी, पालघरच्या तहसील कचेरीच्या ओसरीवर टंकयंत्र मांडून बसणारा अर्जलेखक. शिक्षण नववीपर्यंत, अनुभव उदंड.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते : श्री. मधुकर सावे. पूर्वी रेडिओदुरुस्ती, हल्ली बोईसरात संगणकाचा वर्ग.

साक्षीदार : एक, मुरब्याचे पांडू तामोरे, होडीवरचे इंजिन सांभाळणारे. दोन, मिश्राजी, बोईसरच्या एका कारखान्यात मापनयंत्रे जुळविणारे, सांप्रत बिहारात आपल्या गावी. तीन, शालिनीवहिनी, सावे यांच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, माहेर मासवण.

घटनेचा काळ : घरात दूरदर्शन संच ठेवायचा तर पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत, त्या काळातील श्रावणाचे रविवार. अखेरचा प्रसंग गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातील.

तक्रारीचे स्वरूप : माझ्या नावास लागलेला डाग.

येथवरचा मजकूर नमुन्यास धरून झाला. यापुढील मजकूर नमुन्यात बसत नाही, याची मला जाणीव आहे. लोकांची गाऱ्हाणी मी एका पानात बसवितो. स्वतःचे गाऱ्हाणे लिहू लागलो, तर प्रथम कागदावर वास आला. वितळत्या कथलाचा आणि राळेचा वास.

तो वास सावे यांच्या खोलीचा. खोली बोईसरच्या चाळीत वरच्या मजल्यावर, जिन्यालगत. बाहेर कारखान्यांच्या नाल्याची कुबट, गोडसर दुर्गंधी, जिला बोईसरकर वारा कोणत्या दिशेचा आहे हे सांगण्यासाठी वापरीत. दार ओलांडले की ती मागे राहायची आणि राळेचा धूर नाकात शिरायचा. टेबलावर भंगारातून वेचलेल्या हिरव्या पट्ट्या, त्यांवर मुंग्यांच्या रांगांसारखे चांदीचे ठिपके. टेबलाखाली मुरब्याहून तामोरे आणीत ती सुक्या बोंबलांची पुडी. सावे यांच्या आई त्या पुडीवर घमेले पालथे घालीत आणि म्हणत, "पांडू, तुझं यंत्र राहू दे, आधी मांजर आवर."

यंत्र म्हणजे संगणक. आज पालघर स्टेशनाबाहेर त्याची दुकाने झाली आहेत आणि शाळकरी मुलेही पासवर्ड लपवून ठेवतात. त्या काळी संगणक हा शब्द बोईसरात चौघांनाच ठाऊक होता. आमचे यंत्र आखातात गेलेल्या एका गृहस्थाने आणून नादुरुस्त म्हणून टाकून दिलेले. कळफलक रबराचा, त्यातली एक कळ कायमची रुसलेली. पडदा म्हणून सावे यांच्या घरचा काळा-पांढरा टीव्ही. स्मरणशक्ती म्हणून कॅसेटचा टेपरेकॉर्डर. कॅसेट लावली की यंत्रात आज्ञावली उतरताना जो आवाज निघे, तो ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगता येणार नाही. कढईत ओली मिरची पडावी आणि त्याच वेळी दूर कोठे तरी कारखान्याचा भोंगा वाजावा, तसा. तो चिरका सूर मध्येच अडखळला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. आम्ही श्वास रोखून बसत असू. पडद्यावर अक्षर उमटले की मिश्राजी दोन्ही हात जोडीत, "आ गये महाराज!"

आम्ही चौघांनी मंडळ स्थापले होते, त्यात माझे काम चिटणिसाचे. यंत्राच्या पोटातले मला कळत नसे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. परंतु मंडळ म्हटले की ठराव आले, ठराव म्हटले की मी आलो. "चिटणीस, लिहा," असे सावे म्हणत तेव्हा त्यांच्या स्वरात थट्टा असे, परंतु ते माझ्यासाठी भिंतीलगतची खुर्ची राखून ठेवीत, हेही खरे. संगणकाचा वर्ग निघेल तेव्हा पाटीवर चौघांची नावे येतील, असे ते म्हणाले होते. त्या पाटीवरील अक्षरांचे वळण मी मनात ठरवूनही टाकले होते.

त्या श्रावणात मंडळाने एक आज्ञावली रचली. यंत्रास प्रश्न विचारावा आणि यंत्राने पडद्यावर उत्तर द्यावे. वसईचा किल्ला कोणी जिंकला, सूर्या नदी कोठे उगम पावते, असे शे-दीडशे प्रश्न. गणेशोत्सवात तो देखावा मांडायचा होता. शेजारच्या मंडळाने थर्माकोलचे चंद्रयान केले होते आणि त्यांचा आमच्या खोलीवर डोळा आहे, असा सावे यांचा संशय. तेथून कुलपाचा विचार निघाला.

कल्पना तामोरे यांची. त्यांच्या गावी देवीच्या दानपेटीस तीन कुलपे. किल्ल्या तीन आळ्यांच्या तीन पंचांकडे. तिघे हजर झाल्याखेरीज पेटी उघडत नाही, आणि एकजण कुलूप उघडीत असता उरलेले दोघे पाठ करून समुद्राकडे पाहत उभे राहतात. एकाची किल्ली दुसऱ्याने पाहूही नये, अशी तेथली रीत.

"आमच्याकडं कंदी चोरी झाली नाय," तामोरे म्हणाले. "यंत्राला बी तीन कुलपा घाला. तिगांचं तीन शब्द. एक टाकील, बाकीच्यांनी पाठ करायची."

"मशीन को भी पंचायत बिठाओगे?" मिश्राजी हसले.

"आणि चिटणीस?" मी विचारले.

सावे म्हणाले, "पेटीला तीनच कुलपं असतात रे. पुढच्या महिन्यात चौथं घालू. तुझा शब्द तयार ठेव."

मी तयार ठेवला.

त्या दिवसापासून रविवारच्या दुपारी एक विधी सुरू झाला. दूरदर्शन तेव्हा दुपारी झोपलेले असे, त्याचा सिनेमा संध्याकाळी. त्यामुळे टीव्ही आमचा. कॅसेट चिरकून झाली, पडद्यावर प्रश्नचिन्ह लुकलुकले की सावे म्हणत, "पाठ!" एकजण कळफलकाशी बसे, बाकी आम्ही तिघे भिंतीकडे तोंड करून उभे. माझ्यासमोर गणपतीची तसबीर, तिच्या काचेत खिडकीचा उजेड. मागे रबरी कळांचा मऊ, चिखलात पाऊल पडावे तसा आवाज. मग "झालं" म्हणून कोणी तरी पडदा पुसी, आणि दुसरा बसे. भिंतीच्या चुन्याचा गारवा नाकाला लागे. पलीकडल्या खोलीत वालाच्या बिरड्याला फोडणी पडे. आम्ही प्रौढ पुरुष शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीशी उभे आणि मनात केवढा तरी अभिमान. त्या अभिमानाचा वास मला अजून फोडणीच्या लसणाचा येतो.

येथे एक बाब विशेषत्वाने नमूद करतो. यंत्राची तार टीव्हीस जोडावयाची, तर अँटेनाची तार काढावी लागे. संध्याकाळी सिनेमाच्या वेळी ती परत लावण्यावरून सावे यांच्या मातोश्री संतापत, कारण दर वेळी नायिकेच्या तोंडावर मुंग्या येत. म्हणून सावे यांनी दोन्ही तारा एकत्र पिळून लाल चिकटपट्टीने कायमच्या बांधून टाकल्या.

मिश्राजी तेव्हाच म्हणाले होते, "सावेजी, ऐंटेना निकाल दिया करो। इधर-उधर जाएगा।"

"काय जाणार?" सावे म्हणाले. "धूर आहे थोडाच?"

मी ते ऐकले आणि लिहून घेतले नाही. ठराव नव्हता.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, रविवारी सकाळी, आम्ही जिना चढून आलो तो नुकतेच बाहेरून परतलेले सावे दारापुढे उभे. हातात किल्ली, कुलूप अजून तसेच. दारावर पांढऱ्या खडूने, ठसठशीत अक्षरांत लिहिलेले :

पापलेट, चिकू, लिची.

मी वाचले आणि मला काही कळले नाही. मला वाटले, कोणी बाजारहाट लिहून ठेवली आहे. परंतु तामोरे यांचा चेहरा उतरला. मिश्राजी जिन्याच्या कठड्यास धरून राहिले. तेव्हा मला समजले की मुरब्याच्या माणसाने पापलेट निवडले होते, चिकूची वाडी असलेल्या सावे यांनी चिकू आणि बिहारातल्या मुजफ्फरपूरच्या माणसाने लिची. तिघांची तीन गुपिते प्रथमच शेजारी-शेजारी उभी होती, भर दिवसा, चाळीच्या दारावर.

दार उघडले गेले. आत कोणी बसले नाही.

"माझा शब्द माझ्या बायकोला बी म्हाईत नाय," तामोरे म्हणाले.

"हम तो नींद में भी नहीं बोलते," मिश्राजी म्हणाले.

सावे यांनी तसबिरीकडे पाहिले. मग काचेकडे. मग माझ्याकडे.

"तू कायम हिच्यासमोर उभा असतोस."

"गणपतीसमोर उभे राहणे हा अपराध आहे काय?" मी म्हणालो.

"काचेत मागचं दिसतं."

"मला इंग्रजी अक्षरे उलटी वाचता येत असती तर मी नववीत राहिलो असतो?"

मिश्राजींस हसू फुटले आणि त्यांनी ते गिळले. सावे हसले नाहीत. "आम्हा तिघांकडे एकेक भाग आहे. आम्ही कशाला फोडू? ज्याला भाग मिळाला नाही असा एकच जण आहे इथे. आणि एवढं वळणदार अक्षर या चाळीत दुसऱ्या कोणाचं आहे, चिटणीस?"

माझ्या अक्षराची स्तुती त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा केली.

देखावा रद्द झाला. सावे यांनी कॅसेटची फीत बोटाने ओढून काढली. ती टेबलावर तपकिरी शेवयांसारखी पडली. मी जिना उतरत असताना वरून कोणी हाक मारील, म्हणून प्रत्येक वळणावर थोडा थांबलो. नाल्याचा वास आला. वारा पश्चिमेचा होता.

त्यानंतर मी बोईसरात अर्ज लिहिणे सोडून पालघरला ओसरीवर बसू लागलो. वर्षे कशी गेली ते टंकयंत्राच्या फितींस विचारावे. परंतु संशय हा शेजारी असा की जो भाडे न देता राहतो. मी तामोरे यांच्यावर संशय घेतला. ते विधीच्या वेळी खोकत, तो खोकला खूण असावा. मिश्राजींवर घेतला. ते हसू त्यांनी का गिळले? सावे यांच्यावरही घेतला. मला वगळावयाचे होते म्हणून त्यांनीच खडू उचलला असावा, असे मी कित्येक दुपारी ओसरीवर बसून सिद्ध केले आणि कित्येक दुपारी खोडले. लोक मला म्हणत, "काका, कसला विचार करता? सातबाऱ्याचा अर्ज लिहा की." मी अर्ज लिही. रस्त्यात कोठे कथील तापले की मान वळे.

गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक मुलगी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन बसली. फॉर्मवर तिने लिहिले होते : शिक्षण, संगणकाचा वर्ग, बोईसर. मी सहज विचारले, सर काय शिकवितात?

"पहिल्या दिवशी तर नुसती गोष्टच सांगितली, काका. त्यांचा एक मित्र होता म्हणे, चिटणीस. त्याला सगळे विश्वासाने घरात घ्यायचे आणि त्याने काचेत बघून पासवर्ड चोरला. सर म्हणतात, कळफलकाजवळ कोणालाही उभं करू नका, चिटणिसाला तर मुळीच नाही. आम्ही वर्गात कोणी डोकावलं तर त्याला 'ए चिटणीस' म्हणतो."

ती हसली. मी तिचा अर्ज पूर्ण केला. उत्पन्नाच्या रकान्यात चूक झाली, म्हणून कागद बदलावा लागला. तसे माझ्याकडून सहसा होत नाही.

म्हणजे प्रत्येक तुकडीस, दर वर्षी, नव्या पोरांस, मी. पाटीवर नाव येणार होते. ते असे आले.

दुसऱ्या रविवारी मी बोईसरला गेलो. सावे यांच्या वर्गावर जावयाचे, असे ठरवून निघालो आणि पाय चाळीकडे वळले. चाळ रंगवलेली होती. केबल आल्यामुळे छपरावरच्या अँटेना काढून टाकल्या होत्या. एक-दोन मात्र राहून गेल्या होत्या, काटे उरलेल्या माशासारख्या. सावे यांच्या खोलीस कुलूप. शेजारच्या दारात एक बाई सुपात वाल निवडीत होत्या. त्यांनी मान वर केली.

"तुमी ते अर्जवाले भाऊ ना? अगबाई, डोक्याचं चांदणं झालं की!"

त्या शालिनीवहिनी. त्यांनी पाट सरकविला, पाणी दिले. यजमान निवर्तल्याचे सांगितले. मग सुपातला एक खडा उचलून गॅलरीबाहेर टाकीत म्हणाल्या, "काय वो, तुमच्या खोलीतला तो बाजार पुढं कंदी सुरूच झाला नाय?"

"कसला बाजार?"

"पापलेट, चिकू, लिची. दर आयतवारी दुपारी आमच्या टीवीवर यायचा."

पाण्याचा पेला माझ्या हातात होता. तो मी खाली ठेवला.

"सिनेमाच्या आदी मी टीवी लावून ठेवायची, तापाला. नुसत्या मुंग्या दिसायच्या. त्यात एकदम पांडरं अक्षर उमटायचं. एकेक, एकेक. पी, मग ए... सातवी शिकलेली हाय मी, वाचाया येतं. पयला पापलेट. मग पुसायचं. मग चिकू. मग ते लिची. मला वाटलं, मुंबईवाले बाजारभाव सांगत्यात. मग भितीपलीकडून सावेभाऊंचा आवाज यायचा, पाठ! तवा कळलं, ही गंमत तुमची हाय."

"आणि दारावर?"

"मीच लिवलं. खडू रांगोळीचा. म्हटलं, वाचतील, विचारतील कोणाला कसं कळलं, मग मी सांगंन नि सगळे हसू. तर तुमी वाचाया लागला नि भांडाया लागला."

"मग तेव्हा सांगितले का नाही, वहिनी?"

त्यांनी सूप मांडीवरून उतरविले. "तुमच्यामुलं."

"माझ्यामुळे?"

"तुमीच नाय का गॅलरीत उभं राहून सगळ्यांना सांगायचे? परवाना नसंल तर संच जप्त, वर दंड, कलम अमुक, कलम तमुक. आमचा टीवी बिनपरवान्याचा, भाऊ. हे म्हणाले, त्या अर्जवाल्यासमोर तोंड उघडलं तर उद्या पोस्टाचा मानूस दारात. गप बसली. मग तुमी येनंच सोडलं. मला काय म्हाईत, येवढ्यावरून सोडलं?"

सदर नियम त्या काळी प्रत्यक्षात अस्तित्वात होता, हे येथे नमूद करतो. मी तो लोकहितार्थ सांगत असे. त्याचे शब्द अजून पाठ आहेत. त्या दुपारी ते आठवू नयेत, असे वाटले.

साक्षीदाराचे म्हणणे पडताळल्याखेरीज स्वीकारू नये, ही माझी पद्धत. वहिनींच्या वयाचाही विचार केला पाहिजे, माणसे हव्या त्या गोष्टी आठवतात. म्हणून मी गच्चीवर गेलो. कोपऱ्यात दोन गंजके दांडे, एकमेकांपासून हातभर अंतरावर. एकाची तार वहिनींच्या खिडकीकडे उतरली होती, दुसऱ्याची सावे यांच्या. मी खाली येऊन सावे यांच्या खिडकीबाहेर, टीव्ही नेताना काढून टाकलेले, लोंबणारे टोक पाहिले. तपकिरी चपटी तार, तिच्यात पिळलेली दुसरी एक आखूड काळी तार, आणि त्या पिळावर, उन्हापावसाने फिकट झालेली, लाल चिकटपट्टी.

मी ती बोटाने दाबली. राळेचा वास येईल असे वाटले. आला नाही. गंजाचा आला.

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतो, आणि आमच्या डोक्यावरचा लोखंडी काटा आमचे तिन्ही शब्द शेजारच्या काट्याच्या कानात सांगत होता. सिनेमा जेथून आत येतो तेथूनच आपलेही काही बाहेर जात असेल, हे आम्हा चौघांपैकी एकाने सुचविले होते, आणि दुसऱ्याने ते धुरावर नेऊन टाकले होते.

वहिनींनी निघताना हातात ओल्या वालाची पुडी दिली. "सावेभाऊंना सांगा, म्हातारी अजून जिती हाय म्हणावं. इचारायला या."

सबब, उपरोक्त श्री. मधुकर सावे यांस माझी विनंती येणेप्रमाणे.

त्यांनी चाळीत जाऊन शालिनीवहिनींची साक्ष स्वतः ऐकावी. खिडकीबाहेरचे टोक स्वतः पाहावे. त्याला मी हात लावला आहे, सोडविलेले नाही. त्यानंतर वर्गातील पहिल्या दिवसाची गोष्ट बदलावी. गोष्ट सांगूच नये, असे माझे म्हणणे नाही. ती गोष्ट उत्तम आहे, पोरांस उपयोगी आहे. तीत चिटणिसाच्या जागी दोन पिळलेल्या तारा घालाव्यात, एवढेच. नुकसानभरपाई मागत नाही. पाटीवर नावही मागत नाही.

उत्तर लेखी द्यावे. लेखी देण्यास संकोच वाटल्यास समक्ष यावे, मी कचेरीच्या वेळेत ओसरीवर असतो. पाठ करून उभे राहण्याचे कारण नाही.

आणखी एक. चौथ्या कुलपासाठी तयार ठेवण्यास सांगितलेला शब्द मी तयार ठेवला आहे. तो आजतागायत मी कोणास सांगितलेला नाही, घरी नाही, ओसरीवर नाही, या अर्जातही नाही. तो विचारण्यास कोणी तरी यावे.

आपला विश्वासू,
अर्जदार